फड्या निवडुंगाची साक्ष

त्या सकाळी सगळी गल्ली आमच्या अंगणात लोटली होती, ती एका पांढऱ्या इनॅमलच्या भांड्याभोवती. भांड्यात धाकट्या काकूची लघवी होती आणि ती लालभडक होती.

"रक्त!" गल्लीतला काढेबाबा ओरडला. "मेल्या लेकराचं रक्त! देवी बोलते, मी नुसतं तोंड हलवतो."

जेवतानाही ते तोंड भरपूर हलायचं.

थोरल्या काकूचं तान्हं बाळ तापानं गेलं होतं. बाबाचाच अंगारा चालू होता. "डॉक्टरकडे न्या" म्हणणारी एकटी धाकटी काकू. बाळ गेल्यापासून रिकामा पाळणा वारा नसताना करकरायचा. मीही ऐकलाय. भीती घरात शिरली की कान तिचेच होतात.

कुणीतरी करणी केली, असं बाबानं आजीच्या मनात भरवलं. आदल्या संध्याकाळी त्यानं घरातल्या सुनांना एकेक पेला काळा काढा पाजला. त्यात त्याच्या दारातल्या फड्या निवडुंगाची बोंडं कुस्करली होती. जिनं पाप केलं, तिच्या अंगातून रक्त जाणार!

"स्वतःला मूल नाही, म्हणून दुसरीचं खाल्लंस," आजी म्हणाली. "आजच्या आज घराबाहेर हो."

काकू आपल्या हातांकडे बघत राहिली. "झोपेत काही केलं असेल का गं मी?" तिनं मला हळूच विचारलं.

तेवढ्यात शेजारच्या बाई पुढे आल्या. त्या शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. "बोंडं कुठल्या झाडाची होती, बाबा?"

"दोन्ही झाडं एकाच देवीची!"

"मग चला, दर्शन घेऊ."

गल्ली त्यांच्यामागे निघाली. बाबाच्या दाराशी दोन बाजूंना दोन निवडुंग होते.

"नीट बघा. या फड्याच्या ठिपक्यांतून एक-दोनच लांब, करडे काटे निघालेत. त्या दुसऱ्याच्या ठिपक्यांत पिवळ्या, वाकड्या काट्यांचे झुबके आहेत. जाती वेगळ्या, बोंडं बाहेरून सारखी." बाईंनी चिमट्यानं दोन बोंडं तोडून चिरली. एक आतून फिकट हिरवं निघालं, दुसरं गर्द लाल. "हा लाल रंग पुष्कळांच्या लघवीत उतरतो. काळ्या काढ्यात तो दिसत नाही. कुणाच्या पेल्यात कुठलं बोंड घालायचं, एवढाच काय तो चमत्कार."

"थापा!" बाबा किंचाळला.

"आजी, तुम्हीच खाऊन बघा," बाई म्हणाल्या.

"खाते की! माझं मन साफ आहे." बाईंनी लाल गराची आणखी बोंडं सोलून दिली, आजीनं हट्टानं सगळी संपवली.

दुसऱ्या सकाळी ती न्हाणीत गेली, ती बाहेर येईना. शेवटी दार उघडलं. चेहरा पांढराफटक.

"सूनबाई," तिनं धाकट्या काकूचा हात धरला, "मी मारलं का गं त्याला?"

"नाही, सासूबाई. ताप होता. डॉक्टरकडे न्यायला हवं होतं."

आजी उंबऱ्यावरच बसली आणि बाळ गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं रडली. बाबा रातोरात पसार झाला होता.

आज मी आजीच्या वयाची आहे. कुणी रक्त दाखवलं, तर आधी विचारा, हा रंग आला कुठून? बाईमाणसाला घराबाहेर काढण्यापूर्वी तरी विचारा. काकू निर्दोष ठरली, सगळ्यांनी तिची माफी मागितली. तरी पुढं कित्येक वर्षं न्हाणीतून बाहेर पडताना ती आधी आमचे चेहरे बघायची.