वीणा कुणाच्या गळ्यात?

या माउली, जरा पुढं सरकून बसा. आज एका वीणेची आणि एका बटणाची गोष्ट सांगतो.

सावेडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आमची पंकजा कामाला. कंपनीची मुभा होती : शुक्रवारी दुपारनंतर ज्यानं त्यानं आपल्या डोक्यातलं काही करून बघावं. पंकजाच्या डोक्यात एकच भुंगा. सर्व्हरवर लक्ष ठेवायची प्रत्येकाची पाळी असे, पण तो बंद पडला की जो तो म्हणे, "मला वाटलं, पाळी तू घेतलीस." गावच्या हरिनाम सप्ताहात मात्र वीणा सात दिवस खाली टेकत नाही, या गळ्यातून त्या गळ्यात जाते. तशीच पाळी सांभाळणारं ॲप तिनं केलं. पुढच्यानं 'घेतली' हे बटण दाबलं, की मागचा सुटला. अमृतसाहेब म्हणाले, "या शुक्रवारी चालवून दाखव, नाहीतर बंद."

शेवगावजवळच्या तिच्या गावात नेमका सप्ताह बसलेला. तिनं ॲप वीणेकऱ्यांच्याच मोबाईलवर टाकलं. शुक्रवारी तीनला कंपनीतल्या पडद्यावर उमटलं : 'बिभीषण – घेतली.' टाळ्या पडल्या. पंकजाचा जीव भांड्यात पडतो न पडतो, तोच तिचा फोन वाजला. चुलत आजोबा, आसाराम नाना! बिभीषणकाकांच्या आधीची वीणेची पाळी त्यांचीच.

"स्पीकरवर लाव," साहेब खुशीत म्हणाले. "वापरणाऱ्याचं मत ऐकू."

"मी गोजरबाई," आजीचा आवाज आला. "फोन म्या धरलाय. ह्यांचे हात कुठं मोकळे हायेत?"

मागून नाना कडाडले, "पंके, तुझं यंत्र म्हनतं बिभीषणनं घेतली. मग माझ्या गळ्यात काय नुस्ता भोपळा हाय व्हय?"

"मग काकांनी बटण दाबलं कुठून?"

"हाटेलातून! भजी सांगितली आन् दाबलं!"

सगळे खो खो हसले. साहेबांनी लॅपटॉप मिटायला घेतला. पंकजाला रडूच यायचं बाकी होतं, पण तिनं विचारलंच, "नाना, एरवी तुम्हाला कसं कळतं, समोरच्यानं घेतली म्हणून?"

"अगं, त्यो पाया पडतो, मान पुढं करतो. भार त्याच्या खांद्यावर गेला, की मी हात सोडतो. घेनाऱ्याला काय इचारती? त्यो कुठूनबी व्हय म्हनंल. देनाऱ्याला इचार!"

सगळे पंकजाच्या सहकाऱ्याकडं, कल्याणकडं बघू लागले. मंगळवारीच त्यानं केडगावच्या सलूनमधून पाळी 'घेतली' असं कळवलं होतं आणि सर्व्हर दोन तास आडवा होता. कल्याण बुटाची नाडी बांधायला वाकला. त्याच्या बुटाला नाडी नव्हती.

पंकजानं तिथल्या तिथं बटण घेणाऱ्याकडून काढून देणाऱ्याकडं दिलं. पडद्यावर पुन्हा आसाराम नानांचं नाव आलं. साहेबांना राहवेना. त्यांनी स्वतःच बिभीषणकाकांना फोन लावला.

"काका, आधी वीणा घ्या!"

"कोन तुमी?"

"मी पंकजाचा साहेब."

"मंग साहेब, जरा दमानं. प्लेट आत्ताच आलीया."

दहा मिनिटांनी गोजरबाईंनी नानांच्या वतीनं बटण दाबलं आणि पडद्यावर आलं : 'आसाराम – सोपवली.' साहेब एवढंच म्हणाले, "सोमवारपासून आपल्याकडं हेच."

तर माउली, काम कुणावर सोपवून निघालात, की एकदा मागं वळून बघा, त्यानं खरंच उचललंय का. आणि बघताना, भजी संपेपर्यंत वीणा धरून उभ्या राहिलेल्या आमच्या आसाराम नानांची आठवण तेवढी ठेवा.