केबिनमधलं रजिस्टर

ऐका ना मित्रांनो, मधे बोलू नका, फक्त ऐका! मी हजेरीचं एक जुनं पंचिंग मशीन आहे. वसई पूर्वेला स्टीलच्या डब्यांचा कारखाना आहे, तिथे सुपरवायझरच्या केबिनबाहेर मला ठोकलंय. अंगठा ओळखला की मी म्हणायचं 'थँक्यू', नाही तर 'ट्राय अगेन'. बाकी काही बोलता येत नाही.

सुरुवातीला मालक मला पाहुण्यांना दाखवायचे. मग काचेवर ओरखडे पडले, पुसायला कोणी नाही. त्यात डबे घासून घासून बायकांच्या अंगठ्यांच्या रेषा झिजलेल्या. तीनदा जुळलं नाही, की आत केबिनमध्ये जाऊन रजिस्टरवर सही करायची, असा नियम.

फुलपाड्याची अश्लेषा रोज वेळेवर यायची. "काय रे डबड्या, ओळखलंस का?" म्हणत हसायची. एके सकाळी मी तिला तीनदा नाकारलं. ती आत गेली. सुपरवायझर जितेशसरांनी दार लावलं. पॉलिशच्या मोटारींच्या आवाजात तिची हाक कोणाला ऐकू गेली नाही. मला गेली.

त्यानंतर तिने केबिनमध्ये पाऊल टाकलं नाही. अंगठा जुळला तर हजर, नाहीतर दिवसभर राबूनही खाडा. एका महिन्यात अकरा खाडे!

"रोज आलेय मी!" ती म्हणाली.

"मग सही कुठाय? ये, आत येऊन कर," जितेशसर दारातून म्हणाले.

ती गेली नाही. पगार निम्माच आला. आईचा फोन आला तेव्हा ती माझ्यासमोरच उभी होती. "नाही गं आई, पैसे उडवले नाहीत... कसं सांगू तुला?" पुढच्या आठवड्यापासून ती आलीच नाही. दुसऱ्या कारखान्यातही तिला विचारलं म्हणे, इतके खाडे का?

हे सगळं एकट्या फ्लॉसीला माहितीये. दोघी एकाच टेबलावर होत्या ना, अश्लेषाने तिलाच सांगितलं होतं. "मी बोलले तर उद्या माझेपण खाडे लागतील," ती तेव्हा म्हणाली होती.

आणि आज अश्लेषाच्या जागेवरची नवी मुलगी, उन्नती, माझ्यासमोर आहे. दोनदा नाही जुळलं. तिच्या मागे रांगेत फ्लॉसी. आत खुर्ची सरकली.

"नाही घेत का गं? ये, आत ये."

मित्रांनो, कोणीतरी माझी काच पुसा हो! नाहीतर ते रजिस्टर तरी बाहेर आणून ठेवा!

तिसऱ्यांदा अंगठा टेकला. मी जीव तोडून रेषा शोधल्या. 'ट्राय अगेन.'

उन्नती दाराकडे वळली. फ्लॉसीचा हात तिच्या खांद्यापर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

सांगा ना, तुम्ही फ्लॉसीच्या जागी असतात, तर काय केलं असतंत?