नवा आकडा

तिने नवं यंत्र पाकिटातून काढलं, तळहातावर तोलून पाहिलं आणि ड्रॉवरमध्ये ठेवून ड्रॉवर लावून घेतला. मग फोन उचलला.

दारात वायरचं भेंडोळं सोडवत बसलेल्या लाइनमनकाकांनी चष्म्यावरून पाहिलं.

“बाई, आलं ना तुमचं यंत्र? मग आता कशाला मोठ्या ऑफिसच्या विनवण्या? का मुहूर्त बघताय?”

“शिकून घ्यायचंय अजून.”

“कॅल्क्युलेटरएवढं तर आहे. त्यात काय शिकायचं?” काका पुटपुटले. “तिकडे बाजारातले फोन सकाळपासून मुके आहेत. शिव्या मला बसतात.”

टेलिफोन एक्स्चेंजच्या संगणकाला हल्ली नुसता पासवर्ड पुरत नसे. मध्यंतरी कुणीतरी बाहेरून आत शिरलं होतं. तेव्हापासून तो दर वेळी पडद्यावर एक नवा आकडा टाकी. तो आकडा यंत्रात घातला की यंत्र उत्तर देई, आणि ते टाइप केलं तरच आत जाऊन बंद पडलेले फोन सुरू करता येत. कालचं उत्तर आज चालत नसे. यंत्रं मोजकीच होती, म्हणून या लहान एक्स्चेंजमधून मोठ्या ऑफिसला फोन करायचा, आकडा वाचायचा आणि उत्तर घ्यायचं, अशी रीत पडली होती. तिकडचं यंत्र तिच्या नवऱ्याकडे असे.

आईचं आजारपण काढायला ती बदली मागून इकडे आली, त्यावरून दोघांचं बिनसलं ते बिनसलंच. पुढे आई गेली, तरी ती परतली नाही. त्यानेही ये म्हटलं नाही. बोलण्यातलं एवढंच उरलं होतं, आकडा आणि उत्तर. आजपासून त्याचीही गरज नव्हती.

“बोला,” पलीकडून दमलेला आवाज आला.

तिने नेहमीसारखं उभ्यानेच आकडा वाचला. कळा दाबल्याचा आवाज आला. त्याने उत्तर सांगितलं, तिने टाइप केलं. पडद्यावर लाल ओळ उमटली.

“चुकलं,” ती म्हणाली.

त्याचं उत्तर आजवर एकदाही चुकलं नव्हतं. घरातही त्याचा तोच तोरा असे.

“मी बरोबर टाइप केलंय,” ती घाईने म्हणाली.

“माहीत आहे.”

त्याने घसा खाकरला.

“तुझ्या यंत्रात बॅटरी मीच घातली परवा. पोचलं का?”

“पोचलं.”

“मग?”

तिने ड्रॉवरकडे पाहिलं. “आहे. ड्रॉवरमध्ये.”

“बरं.” तो म्हणाला. “तीनदा चुकलं की कुलूप पडतं ना तिकडे?”

“हो.”

“म्हणजे अजून एकदा चुकायला हरकत नाही.”

तिच्या नाकातून हसू निसटलं. काकांनी मान वर केली, आणि भेंडोळं उचलून ते बाहेर पायरीवर जाऊन बसले.

“लोक खोळंबलेत हो,” ती म्हणाली.

“मग वाच नवा आकडा. या वेळी बरोबर सांगतो.”

तिने पायाने खुर्ची ओढली, टेकली, आणि एकेक अंक सावकाश वाचू लागली.