नोकरीत असताना

पिठाचा पत्र्याचा कनस्तर खांद्यावर घेऊन दयाराम मेश्राम जिना चढत होते. ईश्वर खालून धावत आला आणि त्याने कनस्तराला हात घातला, तरी त्यांनी तो सोडला नाही.

“बाबा, द्या इकडे.”

“राहू दे. आलंच घर.”

घर अजून बरंच वर होतं. सरकारी क्वार्टरच्या त्या जिन्यात दयाराम वळणावर थांबले, भिंतीला टेकले, पुन्हा चढू लागले. त्यांचे ओठ काळसर पडले होते. ईश्वर रिकाम्या हातांनी त्यांच्या मागे चढत राहिला. हृदय कमजोर आहे, ओझं उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तो स्वतः तिथे हजर होता. मग चक्कीवरून दळण आणायला बाबा एकटे का गेले, हे त्याला कळेना.

आईने, द्रौपदीने, दार उघडलं. तिने नवऱ्याचा चेहरा पाहिला. कनस्तर उतरवून घेतला आणि पाणी आणायला आत गेली.

दयाराम नागपूरहून बदली होऊन लखनौला आले तेव्हा ईश्वर कडेवर होता. आता त्याच्याकडे पॉलिटेक्निकचा डिप्लोमा होता, पहिल्या वर्गातला, आणि त्याला चार वर्षं होऊन गेली होती. रोजगार दफ्तर, लेखी परीक्षा, इंटरव्ह्यू, आणि मग काहीच नाही. संध्याकाळी तो सायकलवरून इंदिरानगरला जाऊन मुलांच्या शिकवण्या घ्यायचा. घरात त्याला कुणी टोचून बोललं नव्हतं. इंटरव्ह्यूच्या दिवशी आई त्याचा शर्ट इस्त्री करायची, धाकटी बेबी बूट पुसून ठेवायची, बाबा दारापर्यंत यायचे. परत आल्यावर “कसा झाला?” असं विचारणं मात्र सगळ्यांनीच हळूहळू सोडून दिलं होतं.

पुढच्या आठवड्यात हजरतगंजमध्ये त्याला अनूप भेटला. शेजारच्या सक्सेनांचा मुलगा. सक्सेनाजी गेल्या हिवाळ्यात कचेरीतच कोसळले होते. नोकरीत असताना वारले म्हणून त्यांच्या जागी मुलाला घेतलं. अनूप वडिलांचाच स्वेटर घालून टपरीवर चहा पीत होता.

“अंकल कैसे हैं?” त्याने विचारलं. “उस दिन देर तक बैठे रहे मेरे पास. ऑर्डर कब आया, माँ को कहाँ-कहाँ साइन करने पड़े, सब पूछ रहे थे.”

“काहून?” ईश्वरच्या तोंडून मराठीच निघालं. मग तो म्हणाला, “क्यों?”

“मैंने भी पूछा. बोले, ऐसे ही.”

ईश्वरने चहा अर्धाच ठेवला. समोरच्या सरकारी इमारतीच्या खिडक्या उघड्या होत्या. आत पंखे फिरत होते आणि त्यांच्याखाली माणसं मान खाली घालून बसली होती. तो बराच वेळ तिकडे बघत उभा राहिला. बाबा पुढच्या वर्षी रिटायर होणार होते.

घरी आल्यावर त्याने आईला स्वयंपाकघरात गाठलं. ती भाजी चिरत होती.

“आई, बाबा गोळ्या घेतात?”

द्रौपदीचा हात विळीवर थांबला.

“महिना झाला, पाकीट जसंच्या तसं आहे. मला वाटलं, खर्च नको म्हणून घेत नसतील. आज बोलू, उद्या बोलू म्हणत राहिले.” तिने वर पाहिलं. “काय झालं?”

त्याने सांगितलं. ती ऐकत राहिली. मग उरलेली भाजी तिने चिरली, धुतली, चुलीवर चढवली आणि पदराला हात पुसले.

“वंदना होऊ दे,” एवढंच ती म्हणाली.

संध्याकाळी तसबिरींपुढे मेणबत्ती लागली. दयाराम पुढे बसले, बाकीचे मागे. ते पंचशीलातलं एकेक शील म्हणत आणि घर त्यांच्यामागून म्हणे. ईश्वर लहान होता तेव्हापासून हे असंच चालत आलं होतं. शेवटचा नमस्कार झाला, दयाराम उठू लागले, पण द्रौपदी चटईवरून हलली नाही.

“बसा जरा. गोळ्या काहून घेत नाही?”

“विसरतो.”

“दळण आणायला विसरत नाही.”

दयारामांनी मेणबत्ती सरळ केली. ती सरळच होती.

“अनूप भेटला होता,” ईश्वर म्हणाला.

त्यांचा हात तिथेच राहिला. बेबी ताटं घेऊन दारात आली होती, तीही थांबली.

“मी काही केलं नाही,” दयाराम म्हणाले. “जे करायचं, ते फक्त सोडलं. एकदा रिटायर झालो की मी राहिलो काय, गेलो काय, पोराच्या काही उपयोगाचं नाही. आत्ता नोकरी आहे, तर त्याला खुर्ची मिळते. एवढंच.”

“रोज पहिलं शील तुम्हीच आम्हाला सांगता,” द्रौपदी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. “जीव घेणार नाही म्हणता. त्यात तुमचा जीव येत नाही?”

“हमसे पूछा था आपने, बाबा?” बेबी म्हणाली. तिला रडू आवरेना. ताटं तशीच छातीशी धरून ती आत निघून गेली.

“उद्या कचेरीत अर्ज द्या,” द्रौपदी म्हणाली. “आत्ताच रिटायर होतो म्हणून.”

“वेडी झालीस? क्वार्टर जाईल. पगार जाईल. अर्ध्या पगाराच्या पेन्शनीत चौघं कशी राहणार?”

“राहू. पण तुमच्या मरणाला भाव आहे असं घर मला नको.”

दयारामांनी मुलाकडे पाहिलं. तो नाही म्हणेल, अशी त्यांना आशा असावी. ईश्वरची मान वर होईना. दुपारपासून ती खुर्ची त्याच्याही डोळ्यांसमोर होती, वर फिरणाऱ्या पंख्यासकट. आईला सांगतानाही ती हटली नव्हती. हे बाबांना दिसतंय की काय, असं वाटून त्याने मूठ आवळली.

“द्या बाबा अर्ज,” तो म्हणाला.

कचेरीत सगळ्यांनी समजावून पाहिलं. साहेब म्हणाले, मेश्रामजी, थोडे दिवस तर राहिलेत. दयारामांनी प्रकृतीचं कारण दिलं, आणि ते खोटं नव्हतं. नोटिशीची मुदत माफ झाली. निरोपाच्या दिवशी गळ्यात हार घेऊन ते घरी आले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

क्वार्टर सुटलं. निशातगंजमध्ये, धोब्याच्या दुकानाच्या वर, दोन खोल्या मिळाल्या. दुपारी खालच्या कोळशाच्या इस्त्र्यांची धग जमिनीतून वर यायची. बेबीने शिवणकाम धरलं. ईश्वरने शिकवण्या वाढवल्या, आणखी दोन इंटरव्ह्यू दिले, त्यांचंही काही झालं नाही. सकाळी द्रौपदी पाण्याचा पेला घेऊन नवऱ्यासमोर उभी राहायची. ते गोळी गिळेपर्यंत हलायची नाही. दयाराम ती गिळत, पण कडू तोंड करून, जणू कुणावर उपकार करत असल्यासारखे.

एकदा ते ईश्वरला म्हणाले, “चुकलंच आपलं.”

“नाही,” ईश्वर म्हणाला. त्याला स्वतःलाही त्याची खात्री नव्हती.

जेठ महिन्यातल्या एका दुपारी, पेपर वाचता वाचता, दयारामांच्या हातातून पेपर गळला. ईश्वर शिकवणीला निघायच्या बेतात होता. त्याने वडिलांना पाठीवर घेतलं आणि तो अरुंद जिना उतरला. द्रौपदी अनवाणी मागून येत होती. धोब्याने रस्त्यावर धावत जाऊन सायकलरिक्षा थांबवली. बाप-लेक एका सीटवर, आई पायाशी, अशी रिक्षा बाजाराच्या गर्दीत शिरली. भाजीच्या गाड्यांनी वाट अडली होती.

दयारामांचं डोकं ईश्वरच्या खांद्यावर होतं. श्वास तुटत होता. ते काही बोलू बघत होते. ईश्वरने कान जवळ नेला, पण ते त्याच्याशी बोलत नव्हतेच. त्यांनी हात पुढे केला आणि रिक्षावाल्याच्या घामाने भिजलेल्या पाठीला लावला.

“भैया,” ते म्हणाले, “जरा जल्दी चलो.”