दुपारचे सात

दुपारचे सात वाजले की पुढच्या खोलीतून एक बारीक बीप ऐकू यायची, मागोमाग पंख्याची घरघर, आणि ती

पुन्हा.

दुपारचे सात. टांगात, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या या गावात, घड्याळ सूर्याबरोबर सुरू होतं. दिवस उजाडून तास झाला की एक वाजला. रेडिओवाले ज्याला दुपारचा एक म्हणतात तो इथे सात, जेवणाची वेळ. हातिबू बंदरावरच्या वजनकाट्यावरून सातला घरी यायचा, दारात चपला काढायचा, हात धुवायचा आणि भात वाढून होईपर्यंत कॉम्प्युटरसमोर बसायचा. आता हातिबू मातीत होता आणि सातला तो कॉम्प्युटर आपला आपणच सुरू होत होता. खोलीत कुणी नसताना, भर उन्हात. त्याची बायको म्वानाहेरी पांढऱ्या कपड्यात मागच्या खोलीत इद्दतीला, नवऱ्यामागे पाळायच्या चार महिने दहा दिवसांच्या एकांताला, बसलेली, आणि ती

पुन्हा.

आणि ती कुणाला न सांगता त्या बीपची वाट बघायची. पहिल्यांदा ऐकली तेव्हा तिने नकळत दुसरं ताट घेतलं होतं. मग ताट परत ठेवलं. पण कान तिकडेच राहिले.

हातिबूची थोरली बहीण तिमा सोबतीला राहायला आलेली. तिने त्या डब्याभोवती लोबान फिरवला, कुराणातली यासीन वाचली, आणि रोज झोपण्याआधी भिंतीतली वायर उपसून ठेवायला सुरुवात केली. सकाळी म्वानाहेरी ती परत लावायची. या गोष्टीवर दोघी एक शब्दही बोलल्या नव्हत्या.

अलीकडे मात्र उशीर व्हायला लागला होता. सातचे साडेसात झाले, मग आठ, काल तर नऊ होत आलेले. म्वानाहेरी न जेवता थांबायची. तो येतोय, पण रोज आणखी लांबून येतोय, असं तिला वाटायचं. एक दिवस वाट इतकी वाढेल की यायचाच नाही.

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या शाबानीला बोलवायचं दोघींनीही ठरवलं. तिमाला आतलं जे काही होतं ते बाहेर काढायचं होतं. म्वानाहेरीला जे बाहेर गेलं होतं ते आत हवं होतं.

कारण त्या एका डब्यात दोन घरं होती. तिचं विंडोज आणि त्याचं लिनक्स. सुरू केलं की काळ्या पडद्यावर दोन ओळी यायच्या, हातिबूने स्वतः नावं दिलेल्या. ‘तू’ आणि ‘मी’. तिने ‘तू’ दाबायचं, त्याने ‘मी’. कुणी काही दाबेपर्यंत यंत्र गप्प थांबायचं.

शेवटच्या आजारपणात तिने कॉम्प्युटरला हातसुद्धा लावला नव्हता. एका दुपारी त्याने तिच्या खांद्याचा आधार घेऊन स्वतःला त्या खुर्चीवर बसवून घेतलं आणि तिला शहाळं आणायला पाठवलं. ती आली तेव्हा पडदा काळा झालेला. “झालं,” म्हणाला. काय झालं ते विचारायचं राहिलं. माती झाल्यावर तिमाच्या मुलाने, बाकारीने, काहीतरी छापायचं होतं म्हणून, त्या ओळींना हात न लावता पेनड्राइव्हवरून विंडोज नव्याने टाकलं. तेव्हापासून त्या दोन ओळी यायच्या बंद झाल्या. यंत्र थेट ‘तू’मध्ये उघडायचं. ‘मी’ कुठेच नव्हता.

जे झालं होतं ते ‘मी’मध्ये होतं, याबद्दल म्वानाहेरीच्या मनात शंका नव्हती.

शाबानी सकाळी आला. परक्या पुरुषाने इद्दतीतल्या बाईला बघायचं नाही म्हणून दोन्ही खोल्यांच्या मधल्या दारात कांगा, बायका अंगाला गुंडाळतात ते छापील कापड, बांधलेला, आणि त्याच्यापुढे स्टुलावर तिमा.

“वहिनी, अल्ला सबर देवो. हे कधीपासून असं?”

“बाकारीने साफ केल्यापासून,” कांग्यामागून म्वानाहेरी म्हणाली.

“पोराने चांगलंच केलं,” तिमा म्हणाली. “उघडेपर्यंत माणूस जेवून झोपून उठायचा.”

“जुन्याला उठायला वेळ लागतोच, मावशी. तुम्ही तरी कुठे पटकन उठता?”

“मला कुणाला तरी हाक मारावी लागते. याला कुणी हात लावत नाही तरी उठतं. ते बघ आधी. एवढा लोबान जाळला, काही फरक नाही.”

“फरक आहे ना. पंख्यात राख बसलीय.”

त्याने यंत्र बंद करून सुरू केलं आणि एक कळ टकटक दाबत आतल्या निळ्या पानावर गेला.

“आत्ता किती वाजलेत?”

“चार,” तिमा म्हणाली. ऊन अजून अंगणाच्या अर्ध्यातच होतं.

“यात दोन दाखवतंय. मला वाटलं रात्रीचे दोन, घड्याळ वेडं झालं.” शाबानी हसला. “वेडं नाही. सगळे यात जगाचं घड्याळ लावतात, हातिबूभाईंनी आपलं लावलंय. सात म्हणजे सातच. फक्त दोन तास मागे पडलंय. आणि हे बघा, स्वतःहून उठायची वेळ. सात. घरी येऊन हात धुवेपर्यंत तयार असावं म्हणून.”

म्वानाहेरीने हाताखालची चटई घट्ट धरली होती. कुणी येत नव्हतं. त्याने घातलेली एक सवय तेवढी येत होती, मालक नसताना दारात बसणाऱ्या जनावरासारखी.

“झालं, भूत सापडलं,” तिमा म्हणाली. पण तिचाही आवाज खाली आला होता.

“मागे का पडतं ते सापडलं नाही अजून. रात्री कुणी वायर काढतं का?”

तिमा स्टुलावर सरकून बसली.

“मी काढते,” तिमा म्हणाली. “पण सकाळी लागलेली असते. ती कोण लावतं ते विचार.”

“मी,” कांगा म्हणाला.

शाबानीने दोघींकडेही बघायचं टाळलं. “आतला सेल म्हातारा झालाय. वायर काढली की घड्याळ एकट्या त्याच्या जिवावर. रात्रभर धापा टाकतो. म्हणून रोज थोडा उशीर.”

“म्हणजे काढली नसती तर वेळेवर आला असता,” म्वानाहेरी म्हणाली.

कोण, ते कुणी विचारलं नाही.

शाबानीने पेनड्राइव्ह लावला. पडदा काळा, कोपऱ्यात एक रेघ लुकलुकणारी, पुढे काही नाही. त्याने बंद केलं.

पुन्हा.

काळं. रेघ. त्याने पेनड्राइव्ह मागच्या भोकात लावला.

पुन्हा.

या वेळी उघडलं. “आता पेनड्राइव्हवरून चाललंय,” तो म्हणाला. “म्हणजे घरात न शिरता खिडकीतून आत बघतोय असं समजा. ‘मी’ आहे, वहिनी. सगळाच्या सगळा आहे. त्याच्याकडे जायचा रस्ता तेवढा पुसला गेला होता.”

“माझ्यासाठी काही आहे का त्यात?”

तो शोधत राहिला. तिमा नखं बघत राहिली.

“वजनाचे तक्ते आहेत. भरती-ओहोटीच्या वेळा. गाणी. तुमच्या नावाने शोधलं. नाही काही.”

“नावाने तो कधी हाक मारायचा?”

“मग काय म्हणायचे?”

कांग्याची कड आत ओढली गेली.

“कोंबडी म्हणायचा,” तिमा म्हणाली. “सगळ्या गल्लीला माहीत आहे.”

शाबानीने गंभीरपणे ‘कोंबडी’ टंकलं. थांबला. “नाही, वहिनी.”

म्वानाहेरीला तो शब्द परक्या तोंडून ऐकताना काही वाटलं नाही. ‘नाही’ मात्र लागलं. शहाळं आणायला पाठवून त्याने वजनाचे तक्ते पुरे केले होते तर. ते झालं होतं.

“रस्ता बांधतो परत,” शाबानी म्हणाला. काही ओळी टंकल्या, पेनड्राइव्ह काढला, यंत्र नव्याने सुरू केलं. बीप. घरघर. “आल्या बघा दोन्ही.”

म्वानाहेरीने कांग्याची कड बोटभर सारली. शाबानीची तिच्याकडे पाठ होती. काळ्या पडद्यावर त्या दोन ओळी होत्या, आणि एका ओळीवर पांढरा पट्टा उभा होता. ‘तू’वर.

“तुझा हात लागला का?” तिने विचारलं.

“नाही. भाईंनी असं करून ठेवलंय की शेवटी जी ओळ दाबली असेल, पट्टा तिच्यावरच यावा. ती आठवण ‘मी’च्या बाजूला राहते, म्हणून टिकली.” तो जरा थांबला. “शेवटचं तुम्हीच उघडलं असणार.”

“नाही.”

ती दुपार होती. खुर्ची, खांदा, शहाळं. तो त्याच्या घरात गेलाच नव्हता. तिच्या घरात आला होता. तिथे बसून काहीतरी केलं, आणि झालं म्हणाला.

“मग ते ‘तू’मध्ये असेल,” तिमा उठत म्हणाली. “उघड की ‘तू’. बाकारीने तर फक्त ते साफ…” आणि बोलता बोलता तिला कळलं. ती स्टुलावर परत बसली.

“मिळेल का?” म्वानाहेरीने विचारलं.

“वरून नवं बसलंय, वहिनी. खाली काही उरलं असलं तर भुगा. मी खोटं नाही सांगणार.”

बाहेर कुणीतरी मासळी घेऊन ओरडत गेला. तिमाने तोंडाला पदर लावला होता.

“‘मी’ दाबून बघू?” शाबानीने विचारलं. “चालतंय का तेवढं कळेल.”

“दाबलं की पट्टा?”

“‘मी’वर जाईल. पुढच्या वेळी तिथेच दिसेल.”

“आणि हे?”

“हे विसरेल.”

“मग नको.”

“चालतंय की नाही ते कळणार नाही.”

“नको कळू दे.”

त्याने बोट काढून घेतलं. “सेल बदलतो. पट्ट्याला काही होत नाही, तो दुसरीकडे असतो. पण घड्याळ आणि उठायची वेळ दोन्ही जातील. उठायची वेळ लावूच नको का परत? आपोआप सुरू व्हायचं थांबेल.”

म्वानाहेरी कांग्याची कड बोटाला गुंडाळत राहिली. तिला येणारं हवं होतं आणि येणारा कोण ते आता माहीत होतं.

“सातला लाव,” तिमाच म्हणाली. “आणि जगाचं नको. आपलं लाव.”

पुन्हा.

दुपारचे सात वाजले की पुढच्या खोलीतून एक बारीक बीप ऐकू येते, मागोमाग पंख्याची घरघर. उशीर होत नाही. संध्याकाळी तिमा बटण दाबून यंत्र बंद करते आणि वायरीला हात लावत नाही. फक्त एकदा वाकून बघते, भिंतीत घट्ट बसलीय ना. पडद्यावर दोन ओळी, पांढरा पट्टा ‘तू’वर. कुणी काही दाबेपर्यंत यंत्र थांबून राहतं. म्वानाहेरी भाताचं ताट घेऊन खुर्चीत येऊन बसते. पट्टा तिच्याकडे बघतो, आणि ती काही दाबत नाही.