एकोणीस क्रमांकाचं घर

"घर क्रमांक एकोणीस. कुटुंबप्रमुख, एनेलेसी म्बेवे," वोंगानीने हातातल्या यादीतून वाचलं आणि त्याची जीभ तिथेच अडखळली.

आंब्याच्या सावलीत बसलेलं अख्खं गाव हसत सुटलं. कारण एनेलेसी म्बेवे त्याच्या शेजारीच बसली होती, सरकारी टॅब मांडीवर घेऊन. गावातली गरिबातली गरीब पन्नास घरं शोधायची आणि त्यांना सरकारी मदत मिळवून द्यायची, हे तिचंच काम. समाजकल्याण खात्यात तिची बावीस वर्षं झाली होती. त्यातली बारा याच गावात, भाड्याच्या दोन खोल्यांत.

घोटाळा कसा झाला हे तिच्या लगेच ध्यानात आलं. हे टॅब नवीन आले तेव्हा जिल्ह्याच्या कचेरीत साहेब म्हणाले होते, सरावासाठी एखाद्या घराची माहिती भरून बघा. बाकीच्यांनी मनाने घरं रचली. एनेलेसीला खोटं घर काही सुचेना, म्हणून तिने आपलंच भरलं, आणि तेही इमानदारीत. खाणारी तोंडं पाच: ती स्वतः, एक आपली मुलगी आणि तीन मेलेल्या बहिणीची. गेल्या महिन्यात मांस किती वेळा? एकदाही नाही. पगाराच्या चौकटीतही खरा आकडा घातला, तरी यंत्राला तिची दया आलीच. ती नोंद पुसायची राहून गेली आणि यंत्राने केलेल्या गरिबांच्या यादीत जाऊन बसली.

"चूक झालीय. काढून टाकतो," वोंगानी म्हणाला. हा जिल्ह्याहून आलेला तरुण अधिकारी कानापर्यंत लाल व्हायचा बाकी होता.

"थांब रे बाळा," मुखियाबाई नामालोम्बा खुर्चीतून म्हणाल्या. सत्तरी ओलांडली तरी त्यांच्या जिभेची धार गेली नव्हती. "नाव वाचलं की गाव बोलतं. नियम तुमच्याच खात्याचा. बोला गं बायांनो, बाई गरीब आहे का?"

"यात काय विचारायचं?" मागून कोणीतरी म्हणालं. "मी चहाला गेले होते. साखर मागितली तर म्हणाल्या, साखरेनं दात किडतात."

"सायकल आहे की त्यांच्याकडे."

"ती सरकारची. नि तिलाही मागचा ब्रेक नाही. त्या दिवशी उतारावरून थेट माझ्या मक्यात आल्या."

"पण पगार आहे ना त्यांना," एका शंकेखोर म्हाताऱ्याने विचारलं.

"आहे की. गेल्या महिन्यातला तुमच्या सुनेच्या बाळंतपणात गेला, मामा. दवाखान्यापर्यंतचं गाडीभाडं कुणी दिलं, विचारा घरी."

म्हातारा टोपी काढून डोकं खाजवू लागला. एनेलेसीला मात्र धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं. दुसऱ्यांच्या घरातली मडकी तिने बावीस वर्षं मोजली. आज तिची मडकी चारचौघांत निघाली होती.

"हात वर करा," मुखियाबाई म्हणाल्या.

सगळे हात वर झाले. सकाळपासून एवढं एकमत एकाही नावावर झालं नव्हतं. वोंगानी तिच्या कानाशी कुजबुजला, "मावशी, कायद्यानं आता तुमचं नाव पक्कं आहे. राहू द्या ना. पगारवाल्यांना मनाई आहे असं नियमात कुठंही नाही."

आणि खरं सांगायचं तर एनेलेसीला मोह झाला. दर दोन महिन्यांनी येणाऱ्या त्या पैशांत खोल्यांचं भाडं सुटलं असतं. तिच्याबरोबर नोकरीला लागलेली लव्हनेस कधीच परदेशी संस्थेत गेली होती आणि आता गाडीतून उतरायची ती काळा चष्मा लावून. आपण काय पाप केलं, असं एनेलेसीला अधूनमधून वाटायचं. आताही वाटलं.

पण यादी पन्नासांची होती. एक्कावन्नावं नाव कुणाचं, हे तिला पाठ होतं. फेलेसिया आजीचं. तिचे दोन नातू आजीच्या पदराला धरून पुढेच बसले होते आणि आजी आपल्या नावाची वाट बघत, हात वर करून, एनेलेसीकडे बघून कौतुकाने हसत होती.

"काढ नाव," एनेलेसी म्हणाली.

"असं कसं काढणार?" वोंगानीने तिच्या मांडीवरचा टॅब उचलून पुढे धरला. "कारण लागतं. तीनच आहेत. मयत, स्थलांतर, नाहीतर गरीब नाही."

"मेलेली तर दिसत नाही," मुखियाबाई म्हणाल्या. "स्थलांतर आम्ही करू देणार नाही. नि तिसरं खोटं आहे, आताच गावानं सांगितलं."

"तिसरं लिही," एनेलेसी उठून उभी राहिली. "मला पगार आहे. कमी आहे, उशिरा येतो, पण माझ्या कामाचा आहे. तो वाढवून घ्यायला मी जिल्ह्याला तीन अर्ज केलेत, चौथा करीन, साहेबाच्या टेबलावर जाऊन बसेन. ते माझं भांडण खात्याशी. ती तूट मी फेलेसिया आजीच्या ताटातून भरून काढणार नाही."

तिने टॅब घेतला आणि तिसऱ्या कारणासमोर बोट टेकवलं. "गरीब नाही" अशी हिरवी खूण उमटली. खाली सही लागत होती. तीही तिने बोटानेच केली, जरा वाकडी. खालची नावं एकेक जागा वर सरकली, आणि मधली बाजूला ठेवून वोंगानीने आधी नवं पन्नासावं नाव वाचलं, फेलेसिया आजीचं. आजीचा हात अजून वरच होता, तो खाली घ्यायचं तिला सुचेना.

मग मुखियाबाई खुर्चीतून उठल्या, चटईवर आल्या आणि गुडघे टेकून त्यांनी ओंजळीची टाळी वाजवली, हळू, भरीव, थोरामोठ्यांना देतात तशी. त्यांच्यामागे सगळ्या बायकांनी धरली. रिवाजाप्रमाणे एनेलेसीनेही गुडघे टेकून टाळी परत करायला हवी होती, पण तिच्या हातात टॅब होता आणि तो कुठे ठेवावा हे काही केल्या तिला कळेना.