अक्षराच्या पट्ट्यातलं गवत

देगलूरकडच्या दानम्माला कुणाच्या रानात गवत दिसलं की बांधावर उभी राहून त्या घरच्या बाईला नावं ठेवल्याशिवाय तिच्या घशाखाली पाणी उतरायचं न्हाई. तिच्या स्वतःच्या सोयाबीनच्या तासात बोटभर केन्याचं गवतही कधी कुणी बघितलं नव्हतं.

अशी बाई भाकरी अन् शेंगाची चटणी बांधून लातूरकडं नातीला भेटायला आली. नात अक्षरा तिथं शेतीच्या पदवीला शिकत होती, आणि यंदा पोरापोरींच्या कृषी मंडळाची अध्यक्ष झाली होती. "अज्जी, मंडळाच्या रानात बस, माझा तास सुटला की आलेच," असं तिनं फोनवर सांगितलं होतं.

रानात सोयाबीनचे पट्टे होते आणि प्रत्येक पट्ट्याला एक पाटी. दानम्मा दुसरीतच शाळेतून उठलेली, पण नातीचं नाव तिला वाचता यायचं. अ-क्ष-रा. खाली कसलेसे आकडे. आणि पाटीमागं? केना, दुधी, लव्हाळा, गुडघाभर गवत! आजूबाजूच्या पोरांचे पट्टे मात्र ताटासारखे स्वच्छ.

दानम्माच्या अंगाची आग झाली. पोरीचं नाव पाटीवर टांगलंय आणि खाली ही बेअब्रू! तिनं खोपीतलं खुरपं घेतलं, पदर खोचला आणि बसली.

अक्षरा आली तेव्हा पट्टा लख्ख झाला होता आणि गवताचा ढीग बांधावर सुकत होता. तिच्या मागं मंडळाचा दयानंद होता. अक्षराचं तोंड पांढरं पडलं.

"अज्जी, काय केलंस हे?"

"तुझी अब्रू झाकली. दुसरं काय?"

"अगं, गवत मुद्दाम वाढवलं होतं! न खुरपल्यावर पिकाचं नुकसान किती होतंय, ते मोजायचं होतं."

"त्याला मोजायला काय लागतंय? मला विचारायचं. सगळंच जातंय म्हणून सांगितलं असतं."

"सगळंच म्हणजे किती, तेच बघायचं होतं," अक्षरा म्हणाली आणि मटकन बांधावर बसून रडायला लागली. हाच प्रयोग ती हिवाळ्यात नांदेडला सगळ्या मंडळांसमोर मांडणार होती. आज तिकडचीच पोरं तो बघायला येणार होती.

दानम्माला काही उमगेना. शेती शिकायला पाठवलेली पोरगी गवत पिकवते, आणि ते काढलं तर रडते! दुसरं कुणी असतं तर तिनं भांडून घेतलं असतं. पण हे रडणं खोटं नव्हतं.

"परत लावून देऊ का?" तिनं ढिगाकडं बघत विचारलं. "मुळं शाबूत हायत."

दयानंदला हसू फुटलं. अक्षराला न्हाई.

तेवढ्यात फाटकात गाडी थांबली. दयानंद घाईनं म्हणाला, "अध्यक्षीणबाई, काल रानडुकरं घुसली म्हणू. कोण बघायला आलंय?"

अक्षराची मान हळूहळू होकाराकडं चालली होती.

"कोण घुसलं?" दानम्मा गरजली. "बघ रे पट्ट्याकडं. सोयाबीनचं एक पान तरी मोडलंय का? असं खुरपणारं डुक्कर तुझ्या घरी हाय काय? मला दाखव, जोडीनं कामाला लावते!"

पाहुणी पोरं आणि मंडळाचे सर बांधावर येऊन पोचले होते. सरांनी पट्टा बघितला, ढीग बघितला. "अक्षरा, हे कुणी केलं?"

दानम्मा तोंड उघडणार, तेवढ्यात अक्षरा उभी राहिली. "माझ्या अज्जीनं, सर. मी तिला सांगायला पाहिजे होतं. चूक माझी."

"मग हा पट्टा बाद," सर म्हणाले. "नांदेडला मांडता येणार न्हाई. पुढच्या खरिपात परत पेरा."

"पेरते, सर."

नांदेडकडच्या लोह्याहून आलेली वर्षाराणी नावाची पाहुणी पोरगी वाकून जमीन बघत होती. "आजी, हे सगळं तुम्ही एकटीनं?"

"मग! डुकरानं व्हय?"

सगळे हसले. अक्षराही हसली, पण डोळे पुसत. दानम्माला काही केल्या कळेना, आपण तिची अब्रू राखली का तिचं वर्ष घालवलं. दोन्ही खरं वाटत होतं, आणि दोन्ही एकदम कसं खरं असेल?

पोरं दुसऱ्या पट्ट्याकडं वळली. अक्षरानं अज्जीची पिशवी आपल्या खांद्यावर घेतली. वाटेत पायाशी गाजरगवताचं एक रोप होतं. दानम्माचा हात सवयीनं खाली गेला आणि मधेच थांबला. उभ्या आयुष्यात तिनं रानातलं कुणाला काही विचारलं नव्हतं.

"पोरी, हे ठेवायचं का काढायचं?"

अक्षरानं वाकून नीट बघितलं. "हे काढ."

दानम्मानं उपटलं. मग ते हातात धरून ती बराच वेळ उभी राहिली. कुठं टाकायचं, ते तिला ठरवता येईना.